शुअर एसएम५८ माईक : डीजेच्या किटमधली सगळ्यात दुर्लक्षित वस्तू, नऊ वर्षं वापरून

मोबाईल डीजेचं काम सुरू करणारा जो तो आधी विचारतो कंट्रोलर (लॅपटॉपवरची गाणी मिक्स करायचं यंत्र) कुठला घेऊ, मग स्पीकर किती वॅटचे, मग लाईट, आणि माईकचा नंबर येईपर्यंत पैसे संपलेले असतात. मग कुठलातरी माईक घेतला जातो, स्पीकरबरोबर फुकट आलेला असेल तर तोच. मीसुद्धा हेच केलं होतं.

पहिल्याच वर्षातलं एक लग्न मला अजून आठवतं. नवरीचे आजोबा बोलायला उठले, हातात दोन्ही बाजूंनी लिहिलेला कागद, म्हणजे चांगली तयारी करून आले होते. मी माझा तो स्वस्तातला माईक दिला, पहिल्या वाक्याला शिट्टी वाजली, मी आवाज कमी केला तर तिसऱ्या टेबलाच्या पुढे काही ऐकूच जाईना, मागून लोक "आवाज, आवाज" ओरडायला लागले. आजोबांनी अजून दोन वाक्यं म्हटली, कागदाची घडी घातली आणि बसले. मला कोणीही एका शब्दाने बोललं नाही. त्या रात्री गाणी चांगली वाजली, फ्लोर शेवटपर्यंत भरलेला होता, पण घरी जाताना डोक्यात तो घडी घातलेला कागदच होता. त्याच आठवड्यात एसएम५८ घेतला, वायरवाला, आणि आज नऊ वर्षांनी तोच पीस माझ्याकडे चालू आहे.

माझं स्पष्ट मत आहे की दोन गाण्यांमधलं मिक्सिंग जरा चुकलं तर ते दहा जणांच्या लक्षात येतं, पण भाषण ऐकू आलं नाही तर ते सगळ्यांच्या लक्षात येतं आणि ते परत करताही येत नाही. म्हणून हा रिव्ह्यू माईकचा.

आता वस्तूबद्दल. हे मॉडेल १९६६ पासून बाजारात आहे. एसएम म्हणजे स्टुडिओ मायक्रोफोन, पण नाव झालं ते स्टेजवर. डायनॅमिक माईक आहे, म्हणजे याला फँटम पॉवर (मिक्सरमधून केबलने माईकला मिळणारी वीज) लागत नाही, सेल लागत नाही, तीन पिनची एक्सएलआर केबल लावली की चालू. वजन २९८ ग्रॅम. फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स ५० ते १५,००० हर्ट्झ. कागदावर हे आकडे साधे वाटतात, आजकाल २० ते २०,००० छापलेले माईक ढिगाने मिळतात, पण बोलण्यासाठी हेच आकडे कामाचे आहेत. खालचा बेस हा माईक मुद्दाम कमी उचलतो आणि शब्द ज्यामुळे कळतात तो मधला-वरचा भाग थोडा उचलून देतो, त्यामुळे मागे हळू गाणं चालू असलं तरी "केक कापायला या" हे शेवटच्या रांगेत नीट पोचतं. आत कॅप्सूलला, म्हणजे आवाज पकडणाऱ्या भागाला, धक्के झेलणारा शॉक माउंट आहे, त्यामुळे माईक या हातातून त्या हातात जाताना खडखड खूप कमी येते. आपल्या कामात माईक एका रात्रीत पंधरा-वीस हातांतून फिरतो, त्यामुळे हे फार महत्त्वाचं. माझा किती वेळा पडलाय याचा हिशोब नाही, वरची जाळी चेपली, ती फिरवून निघते, नवीन लावली, झालं. बॉक्समध्ये क्लिप आणि पाऊच येतो, साध्या व्हर्जनमध्ये केबल येत नाही, ती वेगळी घ्यावी लागते हे लक्षात ठेवा, नाहीतर पहिल्याच दिवशी अडाल.

पण नुसता माईक घेतला म्हणून शिट्टी थांबत नाही, हे आधीच सांगते.

शिट्टी म्हणजे फीडबॅक का होतो, तर स्पीकरचा आवाज माईकमध्ये जातो, तो परत स्पीकरमधून येतो आणि चक्र वाढत जातं. एसएम५८ कार्डिऑइड आहे, समोरचं जास्त उचलतो आणि बरोबर मागचं सगळ्यात कमी. म्हणजे माईकचं शेपूट स्पीकरकडे आणि तोंड बोलणाऱ्याकडे असलं पाहिजे, आणि बोलणारा स्पीकरच्या मागच्या बाजूला उभा असला पाहिजे. लोक काय करतात, माईक हातात आला की चालत फ्लोरच्या मधोमध जातात, स्पीकरच्या बरोबर समोर. मी आता सेटअप करतानाच स्पीकरच्या रेषेच्या मागे जमिनीवर टेपची एक खूण करते आणि माईक देताना सांगते, काका इथेच उभे राहा, इथून तुमचा आवाज सगळ्यात छान येतो. हे असं सांगितलं तर माणूस हलत नाही. "पुढे जाऊ नका" म्हटलं की हमखास पुढे जातो.

दुसरी गोष्ट अंतर. तोंडापासून अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने पडतो. म्हणजे अडीच सेंटीमीटरवर धरलेला माईक दहा सेंटीमीटरवर गेला तर १२ डेसिबल गेले, ते भरून काढायला तुम्ही गेन (माईकचा सिग्नल किती मोठा करायचा तो नॉब) वाढवणार, आणि गेन वाढवला की शिट्टी. बोलायची सवय नसलेला माणूस माईक पोटाशी धरतो, आईस्क्रीमच्या कोनसारखा. त्याला लेक्चर देऊन उपयोग नाही, त्या वेळी तो घाबरलेला असतो. मी स्वतः माईक हनुवटीला लावून "सगळ्यांचं लक्ष इकडे द्या" असं एक वाक्य बोलते आणि तसाच त्याच्या हनुवटीजवळ नेऊन हातात देते. बहुतेकजण मग तिथेच धरून ठेवतात. अजून एक, तरुण मुलं रॅपरसारखी जाळी मुठीत पकडतात, त्याने मागच्या फटी झाकल्या जातात आणि माईक चहूबाजूंनी ऐकायला लागतो, मग कितीही महागडा असू दे, शिट्टी मारणारच. हात खाली दांड्यावर, एवढं एकच सांगा.

मिक्सरवर, म्हणजे माईक आणि गाण्यांचे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्रावर, माझी सेटिंग सोपी असते. लो कट (त्याखालचा घुमणारा आवाज कापणारा) ८० किंवा १०० हर्ट्झचा बटन असेल तर तो दाबलेला, बेसचा नॉब थोडा खाली, कारण माईक तोंडाजवळ गेला की बेस आपोआप फुगतो. हॉल रिकामा असताना गेन हळूहळू वाढवत न्यायचा, शिट्टी सुरू होते तो पॉइंट बघायचा, जो बँड (फ्रिक्वेन्सीचा पट्टा) ओरडतोय तो थोडा कापायचा आणि मग तिथून चांगला खाली यायचं. लोक भरले की हॉल आवाज शोषतो, त्यामुळे रिकाम्या हॉलमध्ये जे टिकलं ते सहसा भरलेल्यात टिकतं. आणि भाषणाच्या वेळी गाणं पूर्ण बंद करा हो, "हळू म्युझिक राहू दे, बरं वाटतं" असं कोणी म्हटलं तरी. अनाउन्समेंटला मागे गाणं ठीक आहे, भाषणाला नाही.

स्विचचा प्रश्न. यात स्विचवालं आणि बिनस्विचचं अशी दोन्ही व्हर्जन मिळतात. बिनस्विचचंच घ्या. पाहुण्याचा अंगठा स्विचवर जातो, तो "हॅलो हॅलो" करत राहतो आणि तुम्ही मिक्सरवर फेडर (आवाजाची सरकपट्टी) वर-खाली करत शोधत बसता की बिघडलं काय. बिनस्विचच्या माईकचा कंट्रोल पूर्ण तुमच्याकडे असतो, फक्त मग भाषण चालू असताना तुम्हाला जागा सोडता येत नाही. सोडायचीही नाही.

वायरिंगवर जरा थांबते, कारण इथे नवीन लोक सगळ्यात जास्त फसतात. सुरुवातीच्या बऱ्याच कंट्रोलरना माईकसाठी जाड जॅकचं सॉकेट असतं, तिथे ईक्यू (बेस-ट्रेबल कमीजास्त करायचे नॉब) नावापुरता किंवा नसतोच, आणि काहींमध्ये माईकचा आवाज लॅपटॉपमधून फिरून येतो. मी चार-सहा चॅनलचा एक छोटा मिक्सर मध्ये घेतलाय. कंट्रोलरचा मास्टर एका स्टिरिओ चॅनलवर, माईक थेट एक्सएलआरने दुसऱ्यावर, मोबाईल तिसऱ्यावर, आणि मिक्सरमधून बॅलन्स्ड केबलने (बाहेरची खरखर कमी उचलणारी) स्पीकरला. एका कार्यक्रमात ऐन कपल डान्सच्या आधी माझा लॅपटॉप जागच्या जागी थिजला, अपडेट बंद करायचं राहून गेलं होतं, चूक माझीच. पण माईक वेगळ्या चॅनलवर होता, मी माईकवर "एक मिनिट, सगळ्यांनी फ्लोरभोवती गोल करा, दोघांना जागा करून द्या" म्हटलं, लोक गोल करेपर्यंत मोबाईलवर तेच गाणं लावलं, ते आधीच डाऊनलोड करून ठेवलेलं होतं. माईक जर लॅपटॉपमधून जात असता तर मी तिथे हातवारे करत उभी असते. त्यामुळे पुढच्या वेळी कंट्रोलर अपग्रेड करायच्या आधी हा मिक्सर घ्या, खरंच सांगते.

आता कमी काय आहे ते पण बघू. एसएम५८ चं आउटपुट कमी आहे, कंपनीच्या कागदावर १.८५ मिलीव्होल्ट प्रति पास्कल, म्हणजे गेन बराच द्यावा लागतो आणि हलक्या प्रतीच्या मिक्सरवर तेवढा गेन दिला की मागे सुरसुर येते. अगदी हळू बोलणाऱ्या माणसाला, लहान मुलांना हा माईक माफ करत नाही, जवळच धरावा लागतो. आणि वायर. गेम घेणारे, टेबलाटेबलावर फिरणारे, त्यांना वायरचा उपयोग नाही, त्यासाठी कॉर्डलेस लागतोच. याच कॅप्सूलचा कॉर्डलेसही मिळतो, जमलं तर तो दुसरा माईक म्हणून घ्या. २.४ गिगाहर्ट्झवाले सिस्टीम वाय-फायच्याच बँडमध्ये चालतात, भरलेल्या हॉलमध्ये शेकडो मोबाईल असतात तेव्हा आवाज तुटू शकतो, यूएचएफ (दुसऱ्या रेडिओ बँडवर चालणारे) मला जास्त भरवशाचे वाटतात पण कुठली फ्रिक्वेन्सी वापरायला परवानगी आहे हे प्रत्येक देशात वेगळं असतं, घेताना विचारून घ्या. सेल प्रत्येक कार्यक्रमाला नवे किंवा पूर्ण चार्ज केलेले, अर्धे उरलेले सेल वाचवायच्या नादात भाषण घालवू नका. आणि कॉर्डलेस असला तरी वायरवाला मिक्सरला लावलेला, तपासलेला, स्टँडवर तयार.

खरेदी करताना सांभाळून, या मॉडेलच्या नकला जगभर विकल्या जातात, दिसायला हुबेहूब. फारच स्वस्त मिळत असेल तर थांबा, अधिकृत विक्रेत्याकडून बिलासकट घ्या, सेकंडहँड घेत असाल तर आधी लावून ऐका आणि वजन करून बघा.

देखभालीत फार काही नाही. जाळीच्या आत स्पंज असतो, त्यात थुंकी आणि लिपस्टिक बसते, पंधरा-वीस लोक तोंडाला लावतात तर हे साफ करणं आपलं काम आहे. जाळी फिरवून काढायची, कोमट पाण्यात साबणाने धुवायची, पूर्ण वाळली की मगच परत लावायची, जाळी काढलेल्या माईकवर पाणी अजिबात नाही. मी दोन जाळ्या ठेवते, एक वाळत असते तेव्हा दुसरी लावलेली. आणि कार्यक्रम संपल्यावर बाकी सगळं सामान पेटीत जातं, हा माईक पाऊचमध्ये घालून माझ्या खांद्यावरच्या पिशवीत, दहा मीटरच्या एका जास्तीच्या केबलसकट.