चार्टप्लॉटरला लॅपटॉप जोडताना: केबल की वायफाय?

हा प्रश्न पडलाय म्हणजे होडीवर चार्टप्लॉटर (सागरी नकाशावर होडी दाखवणारं उपकरण) आहे, लॅपटॉपवर ओपनसीपीएन किंवा तसाच एखादा नकाशाचा प्रोग्राम टाकून झालाय, आणि आता प्लॉटरला कळणारी जागा, खोली, वारा, एआयएस (आसपासच्या जहाजांची रेडिओवरून येणारी माहिती) हे सगळं खाली टेबलावरच्या मोठ्या पडद्यावर हवंय. मी दोन्ही वाटांनी जाऊन आलोय. आधी दोन हंगाम वायफाय, मग केबल. पुढचं सगळं एका होडीचा अनुभव म्हणून वाचा. तुमच्याकडे निकाल वेगळाही लागू शकेल.

आधी जुन्या वायरिंगचं उरकतो. प्लॉटरच्या मागे एनएमईए ०१८३ च्या (होडीवरची उपकरणं एकमेकांशी बोलतात ती जुनी पद्धत) सुट्या तारा असतील तर सरळ यूएसबी-सीरियल अडॅप्टर घ्या. प्लॉटरची पाठवणारी जोडी अडॅप्टरच्या ऐकणाऱ्या जोडीला लावा आणि दोन्हीकडे माहितीचा वेग (बॉड रेट) जुळवा: साधा ४८००, एआयएस येत असेल तर बहुधा ३८४००. वेग जुळला नाही की पडद्यावर अक्षरांची खिचडी येते आणि माणूस तासभर तारांनाच शिव्या घालत बसतो. तारांच्या रंगांवर विसंबू नका, ते प्रत्येक कंपनीचे वेगळे. आणि अडॅप्टर आयसोलेशन (दोन्ही बाजूंची वीज अलग ठेवणं) असलेलाच घ्या. माझा पहिला तसा नव्हता. लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर असेपर्यंत सगळं ठीक चालायचं; होडीच्या बॅटरीवरून चार्जर लावला की येणारी माहिती तुटायला लागायची. हे दुखणं शोधण्यात माझा एक अख्खा रविवार गेला.

खरी निवड एनएमईए २००० असलेल्यांपुढे आहे; ही नवी पद्धत, तिच्यात सगळी उपकरणं एका मुख्य केबलला, म्हणजे बॅकबोनला, जोडलेली असतात. बॅकबोनवर एक टी (फाटा काढायचा जोड) बसवायचा, त्यातून सहा मीटरच्या आतली ड्रॉप केबल, म्हणजे फाट्याची केबल, काढायची आणि तिच्या टोकाला गेटवे (बॅकबोनवरची माहिती लॅपटॉपला देणारी पेटी) लावायचा, इथपर्यंत दोन्हीकडे सारखंच. नवीन टी घुसवल्यावर बॅकबोनचा वीजपुरवठा बंद करून मल्टिमीटरने दोन डेटा तारांमधला रोध तेवढा बघा. साठ ओहमच्या आसपास आला तर दोन्ही टोकांचे टर्मिनेटर (टोकाला लावायचे रोधक) जागेवर आहेत. एकशे वीस आला तर एक गायब आहे. गेटवेच्या पुढे मात्र वाटा फुटतात: एकाची केबल लॅपटॉपच्या यूएसबीत जाते, दुसरा स्वतःचं वायफाय उभं करतो.

वायफायचं कौतुक करायलाच हवं. पॅनेलमागे गेटवे बसवला आणि अर्ध्या तासात लॅपटॉपवर होडी दिसायला लागली. ड्रायव्हर नाही, पोर्ट शोधणं नाही. गेटवेचा पत्ता आणि बऱ्याच ठिकाणी ठरलेला १०११० हा पोर्ट क्रमांक टाकला की झालं. सुरुवातीला काहीच दिसलं नाही तर फायरवॉल तपासा, विशेषतः यूडीपी (समोर कोण ऐकतंय ते न बघता माहिती पाठवत राहायची पद्धत) वापरत असाल तर. तीच माहिती टॅब्लेटवर, फोनवर, पाहुण्याच्या फोनवरसुद्धा. कॉकपिटमध्ये टॅब्लेट घेऊन बसणं हाच तुमचा मुख्य उपयोग असेल, तर इथेच थांबा आणि वायफाय घ्या. काही प्लॉटर तर गेटवेशिवाय आपल्याच वायफायवरून ही माहिती देतात, म्हणजे खर्चही नाही.

आता माझं बिनसलं कुठे ते सांगतो.

संध्याकाळ उतरली होती, आम्ही एका ओळखीच्या बंदराच्या तोंडाशी आलो होतो. मित्र सुकाणूवर, मी खाली लॅपटॉपशी. वरून हाक आली, ‘सहा मीटर. तुझ्याकडे किती?’ माझ्याकडे होडीचं चिन्ह जिथे होतं तिथे नकाशावर खोली अकरा लिहिलेली. मी म्हटलं, ‘अकरा, निवांत ये.’ थोड्या वेळाने पुन्हा हाक: ‘साडेचार!’ माझ्याकडे अजून अकराच. तेव्हा कुठे लक्षात आलं की चिन्ह हललेलंच नाही. जिवंत चिन्हाचा रंग जाऊन ते करडं पडलं होतं, पण रात्रीसाठी मंद केलेल्या पडद्यावर करडं काय आणि लाल काय. मित्राने वळवून होडी बाहेर काढली, काही बिघडलं नाही. पण तळाला लागलो असतो तर सल्ला माझा होता.

झालं होतं एवढंच: गेटवेच्या वायफायवर इंटरनेट नसतं. त्याचा सिग्नल क्षणभर गेला असावा, आणि लॅपटॉपला त्याच वेळी आदल्या वर्षी वापरलेलं बंदराचं वायफाय सापडलं. तो गुपचूप तिकडे गेला. कोपऱ्यात वायफायची खूण तशीच, पूर्ण भरलेली. समुद्रात मैलोन्‌मैल ही जोडणी कधी तुटली नाही. तुटली ती किनाऱ्याजवळ, जिथे ओळखीची नेटवर्क असतात. म्हणजे नेमकी जिथे नजर पडद्यावर हवी तिथे.

यावर उपाय आहेत. लॅपटॉपमधल्या बाकी सगळ्या नेटवर्कांचं आपोआप जोडणं बंद करा. किंवा होडीवर राउटर ठेवा, गेटवेला त्याचा पाहुणा करा, आणि इंटरनेटही त्या राउटरमधूनच घ्या, म्हणजे लॅपटॉपला दुसरीकडे जायचं कारणच उरत नाही. दुसरा उपाय खरंच चांगला आहे, अनेकांची होडी त्यावर बिनतक्रार चालते. मला मात्र दिवसरात्र वीज खाणारी आणखी एक पेटी नको होती. आणि पहिला उपाय केल्यावरही दर पाच मिनिटांनी ‘चिन्ह हलतंय ना?’ बघायची सवय काही जाईना. जे बघून निर्धास्त व्हायचं, त्याच्यावरच पहारा ठेवायचा, हे जमलं नाही.

केबलचे त्रास कमी आहेत असं नाही. लॅपटॉपवर ०१८३ ची अक्षरी वाक्यं येत असतील, मग ती जुन्या अडॅप्टरमधून येवोत की काही गेटवे करतात तशी रूपांतर होऊन, तर एक गंमत होऊ शकते. चालू प्रवाहात लॅपटॉप सुरू केला तर त्याला कधीकधी वाटतं की जुन्या जमान्यातला सीरियल माउस जोडलाय. मग बाण पडद्यावर भूत संचारल्यासारखा नाचतो, आपोआप क्लिक होतात, मेनू उघडतात. घाबरू नका. केबल काढा, विंडोजचा डिव्हाइस मॅनेजर उघडून ठेवा, केबल पुन्हा लावा, आणि माउसच्या यादीत आलेलं ‘सीरियल बॉलपॉइंट’ डिसेबल करा. डिलीट नको, ते परत येतं. तसंच केबल दुसऱ्या यूएसबी भोकात घातली की कॉम पोर्टचा, म्हणजे प्रोग्राम जिथून माहिती घेतो त्या जोडणीचा, क्रमांक बदलू शकतो. मी एका भोकाशेजारी आणि केबलच्या टोकावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिलाय. दोन हंगाम झाले, क्रमांक बदललेला नाही.

आणि केबल सुटली तर? सुटते, पाय अडकतो. पण तेव्हा हातात सुटलेलं टोक असतं, किंवा निदान पोर्ट हरवल्याची तक्रार प्रोग्राम करतो. इकडे जोडलंय की नाही एवढाच प्रश्न असतो. जोडलंय, पण दुसऱ्याच कुणाला, हा प्रकार नाही.

वाटेत आठवलं म्हणून: मार्ग आणि वेपॉइंट (वाटेतले ठरवलेले बिंदू) लॅपटॉपवर आखून प्लॉटरवर न्यायचे असतील तर या दोन्हींतल्या कशाच्याही नादी लागू नका. जीपीएक्स फाइल (मार्ग साठवलेली फाइल) मेमरी कार्डावर घाला आणि प्लॉटरमध्ये खोचा, कंटाळवाणं आहे पण चालतं. लॅपटॉपकडून बॅकबोनवर माहिती पाठवण्याचा पर्यायही गरज नसेल तर बंदच ठेवा, नाहीतर त्याने आत्ताच ऐकलेली जागा तो परत तिथेच सांगत बसतो.

वायफायचा गेटवे मी काढून टाकलेला नाही. एकाच बॅकबोनवर दोन्ही गुण्यागोविंदाने नांदतात, आणि पावसात कॉकपिटच्या छताखाली टॅब्लेट मांडीवर घेऊन बसणाऱ्यांना तोच लागतो. लॅपटॉपला मात्र त्या वायफायचा पासवर्ड मी विसरायला लावलाय.