‘आजीवन वैध’ प्रमाणपत्राचे बावन्न हजार रुपये

गेल्या वर्षी जूनमध्ये मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील लेखा विभागाची नोकरी सोडली आणि पर्सनल ट्रेनर व्हायचे ठरवले. इंदिरानगर आणि पाथर्डी फाटा परिसरात चाळिशी ओलांडलेल्या अनेक स्त्रियांना नेमाने व्यायाम करायचा असतो, परंतु जिममध्ये पुरुष ट्रेनरकडून शिकताना त्यांना संकोच वाटतो. माझ्याच सोसायटीतील चौघी जणी ‘तू शिकून ये, आम्ही तुझ्याकडेच येऊ’ असे म्हणत होत्या. त्यामुळे निर्णय अविचाराचा नव्हता; अविचार झाला तो संस्था निवडताना.

गंगापूर रोडवरील एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर ही संस्था होती. भिंतीवर तीन चौकटी लावलेल्या होत्या. पहिलीत राजमुद्रा असलेले ‘उद्यम’ नोंदणीचे पत्र होते आणि त्याखाली ‘भारत सरकार मान्यताप्राप्त’ असे संस्थेने स्वतः छापलेले होते. दुसरीत आयएसओ ९००१ होते. तिसरीत अमेरिकेतील एका नामांकित संस्थेच्या आद्याक्षरांशी जवळजवळ जुळणारे, केवळ एका अक्षराने वेगळे असलेले बोधचिन्ह होते. ज्या बाईने आयुष्यातील अकरा वर्षे इतरांची बिले तपासण्यात घालवली, तिला हे उमजायला हवे होते, हे मी मान्य करते. उद्यम नोंदणी ही कोणत्याही लहान व्यवसायाला स्वतःच माहिती भरून विनामूल्य मिळते. आयएसओ ९००१ हे व्यवस्थापनाच्या कार्यपद्धतीविषयी असते. तुम्ही विद्यार्थ्याला काय शिकवता, हे या दोन्हींपैकी कोणीही पाहत नाही.

शुल्क बावन्न हजार रुपये सांगितले गेले. दहा हजार मी तेथेच यूपीआयने भरले. पैसे संस्थेच्या नव्हे, तर एका व्यक्तीच्या नावावरील खात्यात गेले आणि पावतीवर जीएसटी क्रमांक नव्हता. उरलेल्या ४२,००० रुपयांसाठी ‘मॅडम, ३,५०० रुपयांचे बिनव्याजी बारा हप्ते करून देतो’ असे म्हणत समुपदेशक तरुणाने टॅब पुढे केला, माझे आधार आणि पॅन क्रमांक भरले आणि आलेला ओटीपी मला विचारून घेतला. तो संस्थेचा हप्ता नव्हता. माझ्या नावावर एका वित्त कंपनीचे कर्ज मंजूर झाले होते, ४२,००० रुपये संस्थेला मिळून गेले होते आणि प्रत्यक्ष हप्ता ३,७९० रुपयांचा होता. अशा डिजिटल कर्जात रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ‘कूलिंग-ऑफ’ची मुदत असते, त्या काळात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च भरून दंडाशिवाय बाहेर पडता येते. ही मुदत कर्जाच्या माहितीपत्रकात लिहिलेली असते. माझे माहितीपत्रक ई-मेलमध्ये पडून होते आणि मी ते चार महिन्यांनी उघडले.

वर्ग बारा रविवार भरले. काचेच्या केबिनमध्ये माणसाच्या उंचीचा प्लास्टिकचा सांगाडा उभा होता आणि त्यावर कारखान्यातून आलेले पारदर्शक वेष्टन तसेच होते. बारा रविवारांत ते एकदाही काढले गेले नाही. शरीररचनेच्या तासाला आम्हाला झेरॉक्स केलेली स्नायूंची नावे पाठ करायला सांगितली. खांद्याचा सांधा स्थिर ठेवणारे रोटेटर कफचे चार स्नायू कोणते, हे त्या यादीत होते, पण हात डोक्यावर नेताना ते नेमके काय करतात, हे कोणीही दाखवले नाही. पोट कमी करण्यासाठी पोटाचेच व्यायाम करून घ्यावेत, असे आम्हाला शिकवले गेले. शरीराच्या एखाद्याच भागावरील चरबी त्या भागाच्या व्यायामाने उतरत नाही, ही या क्षेत्रातील अगदी प्राथमिक गोष्ट आहे. आहारशास्त्राचे दोन रविवार प्रोटीन पावडरच्या एका ब्रँडची माहिती देण्यात आणि ग्राहकाने डबा घेतल्यास आम्हाला किती कमिशन मिळेल, हे समजावण्यात गेले. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या माणसाला आहारतक्ता लिहून देणे हे ट्रेनरचे काम नसून त्याला आहारतज्ज्ञाकडे पाठवायचे असते, हे मला फार नंतर समजले. सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाला छाती दाबून वाचवण्याचा प्रथमोपचार, म्हणून दहा मिनिटांचा व्हिडिओ दाखवला गेला. छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब, प्रौढ व्यक्तीच्या बाबतीत ५ ते ६ सेंटिमीटर खोल, हे पुतळ्यावर हात दुखेपर्यंत केल्याशिवाय अंगी बाणत नाही. आमच्याकडे पुतळाच नव्हता.

अंतिम परीक्षेच्या वेळी पर्यवेक्षक फळ्यावर उत्तरे लिहीत होते. आम्ही तेवीस जण होतो आणि तेवीसही जण ‘विशेष प्राविण्यासह’ उत्तीर्ण झालो. प्रमाणपत्रावर सोनेरी अक्षरांत ‘आजीवन वैध’ असे होते, आणि मला त्याचे फारच कौतुक वाटले होते.

ऑक्टोबरमध्ये मी कॉलेज रोडवरील एका जिममध्ये मुलाखतीला गेले. तेथील मुख्य ट्रेनर माझ्याहून लहान होत्या. त्यांनी प्रमाणपत्रावरचा क्यूआर कोड मोबाइलने तपासला. त्यातून त्याच प्रमाणपत्राचे छायाचित्र उघडले, तेही त्याच संस्थेच्या संकेतस्थळावरचे. त्यांनी फोन बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, ‘‘ताई, कागद राहू द्या. बावन्न वर्षांच्या बाई आल्यात, रक्तदाबाची अटेनोलॉलची गोळी चालू आहे. ट्रेडमिलवर त्यांच्या नाडीचे लक्ष्य किती ठेवाल?’’ मी आत्मविश्वासाने कमाल नाडीच्या सूत्राप्रमाणे २२० मधून वय, म्हणजे ५२, वजा केले, १६८ आले, त्याचे सत्तर टक्के काढले आणि ११८ असे उत्तर दिले.

त्यांनी मला खुर्चीवर बसवून समजावले. अटेनोलॉल हे बीटा ब्लॉकर गटातील औषध आहे आणि ते हृदयाचा वेगच रोखून धरते. अशा व्यक्तीची नाडी माझ्या आकड्यापर्यंत सहजी पोहोचणार नाही, आणि ती पोहोचवण्याच्या नादात मी वेग वाढवत राहिले असते. तेथे नाडी न मोजता ‘किती दमल्यासारखे वाटते’ याची श्रममापनपट्टी वापरायची किंवा बोलताना दम लागतो का, ते पाहायचे. त्याही आधी, पहिल्याच दिवशी, पार-क्यू प्लस या आरोग्य-प्रश्नावलीच्या पहिल्या पानावरील सात प्रश्न विचारायचे, एका जरी प्रश्नाला ‘हो’ आले तरी पुढील पानांवर खोलात जायचे आणि गरज वाटल्यास डॉक्टरांची संमती मागायची. वजन उचलताना श्वास रोखून धरला की रक्तदाब एकदम चढतो, म्हणून अशा बाईंना जोर लावताना श्वास सोडायला शिकवायचे. माझ्या सोसायटीतील त्या चौघींपैकी दोघींना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. जिममधून बाहेर पडल्यावर मी स्कूटरला किल्ली लावली, पण बराच वेळ तेथेच उभी राहिले.

खऱ्या प्रमाणपत्राची पद्धत मी त्यानंतर शोधली. एसीई, एनएएसएम, एसीएसएम आणि एनएससीए या अमेरिकी संस्थांची ट्रेनरची प्रमाणपत्रे एनसीसीए या स्वतंत्र मान्यतेखाली येतात. परीक्षा त्या संस्था स्वतः, ओळख पटवून, देखरेखीखाली घेतात. एसीईची १५० प्रश्नांची तीन तासांची आणि एनएएसएमची १२० प्रश्नांची दोन तासांची. शिकवणी वर्ग कोणाचाही असला तरी उत्तीर्ण करणे त्याच्या हातात नसते. सीपीआरचे प्रमाणपत्र वेगळे घ्यावे लागते. आणि ही प्रमाणपत्रे आजीवन नसतात: एसीई आणि एनएएसएमची दोन वर्षांनी, एसीएसएम आणि एनएससीएची तीन वर्षांनी नव्याने शिक्षणाचे तास भरून नूतनीकरण करावे लागते. ज्या शब्दाचे मला कौतुक होते, तोच खोटेपणाची खूण होता. भारतात व्यावसायिक अभ्यासक्रमांचे नियमन एनसीव्हीईटी ही राष्ट्रीय परिषद करते आणि फिटनेस ट्रेनरची पात्रता क्रीडा व फिटनेस क्षेत्राच्या कौशल्य परिषदेमार्फत मिळते. ते प्रमाणपत्र स्किल इंडिया डिजिटल या सरकारी संकेतस्थळावर तपासता येते. पडताळणी नेहमी प्रमाणपत्र देणाऱ्या मूळ संस्थेच्या यादीत, स्वतः पत्ता टाइप करून करावी. कागदावरचा क्यूआर ज्याने छापला, तो त्याला हवे तेच दाखवतो.

अभ्यासक्रम पारखायचा असेल तर प्रवेशाआधी एक तास बसू देण्याचा आग्रह धरा आणि आरोग्य-प्रश्नावली, हालचालींची तपासणी आणि औषधे घेणाऱ्या ग्राहकांचे नियोजन कोण व कोणत्या पुस्तकातून शिकवते, एवढेच विचारा. मी विचारले असते तर तो समुपदेशक गडबडला असता.

नोव्हेंबरमध्ये मी पैसे परत मागायला गेले, तेव्हा शटर बंद होते. हप्ते मात्र चालूच आहेत, कारण कर्ज माझ्या नावावर असून ते थकवल्यास सिबिल बिघडते. अजून तीन उरले आहेत. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि मग ई-जागृती या ग्राहक तक्रारींच्या सरकारी संकेतस्थळावरून जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज केला. आपण भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तेथे शुल्क लागत नाही आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करता येते, त्यामुळे आमच्या तेवीस जणांपैकी कोणालाही अजून उशीर झालेला नाही. यूपीआयच्या नोंदी, कर्जाचा करार, जाहिरातीची छायाचित्रे आणि व्हॉट्सअ‍ॅपवरील आश्वासने जपून ठेवा. ‘नोकरीची हमी’ हे शब्द ज्यांच्याकडे लेखी आहेत, त्यांनी ते आवर्जून जोडावेत.

मागच्या आठवड्यात नाशिक रोड भागातील एका नव्या संस्थेची जाहिरात माझ्या फोनवर आली. नाव वेगळे आहे, शुल्क ५८,००० आहे. ‘आमचे यशस्वी विद्यार्थी’ म्हणून जे छायाचित्र लावले आहे, त्यात दुसऱ्या रांगेत प्रमाणपत्र धरून मी उभी आहे आणि माझ्या मागे तो सांगाडा, वेष्टनासकट. त्याचा स्क्रीनशॉट मी अर्जाला जोडला आहे.