ई-रीडर घ्यावा का? अकरा महिने आणि एका फुटक्या पडद्यानंतर

गेल्या महिन्यात ठाण्याला बायकांचा लोंढा डब्यात घुसला, कुणाचं तरी कोपर माझ्या पर्सवर बसलं, आणि घाटकोपर गेल्यावर ई-रीडर, म्हणजे ई-पुस्तकं वाचायचं यंत्र, काढून बघते तर पडद्याचा खालचा भाग मेलेला. वर पान उलटतंय, खाली मात्र आधीच्या पानाच्या सात ओळी तशाच चिकटून बसलेल्या, त्यांच्यावर दोन उभ्या रेघा. बंद केला, चालू केला, वीस सेकंद बटण दाबून धरलं. त्या सात ओळी हलायला तयार नाहीत.

या पडद्यात केसाहून बारीक कुप्या असतात, त्यांत काळे-पांढरे कण. विजेच्या इशाऱ्यावर ते वरखाली होतात, आणि एकदा वर आलेला कण तिथेच राहायला वीज खात नाही. म्हणून तर एकदा चार्ज केलं की तीन-तीन आठवडे बघावं लागत नाही. पण आतली पातळ काच तडकली की तिथल्या कणांपर्यंत इशाराच पोचत नाही. ते शेवटचा हुकूम पाळत बसतात. मोबाइल फुटला की निदान काळा तरी पडतो. हा वाचलेलंच परत परत दाखवत राहतो.

वॉरंटीचे पावणेदोन महिने शिल्लक होते. कंपनीला फोन केला, फोटो पाठवले. "मॅडम, फिजिकल डॅमेज वॉरंटीत येत नाही." म्हटलं, पडला नाही हो, दाबला गेला. "मॅडम, तेच." दुरुस्ती नाहीच, पडदा बदलून मिळत नाही, नवीन घेतलात तर पंधरा टक्के सवलत. म्हणजे फुटक्यासकट दोघांचे मिळून वीस हजार. चार फोन, तीन ईमेल, उत्तर तेच. सगळा दोष त्यांच्यावर ढकलता येत नाही, कारण ८९९ रुपयांचं कडक कव्हर मी घेतलं नव्हतं. जुन्या खणाची पिशवी शिवली होती. दिसायला छान होती.

घेतला कशासाठी, तेही सांगते. माझं माहेर चिपळूणचं. २२ जुलै २०२१ च्या पुरात बाबांची दोन कपाटं पाण्याखाली गेली. भिजलेलं पुस्तक फुगतं हे माहीत होतं; फळीवर खच्चून लावलेली पुस्तकं फुगली की एकही उपसून निघत नाही, फळीच तोडावी लागते, हे तेव्हा कळलं. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराचीही पुस्तकं त्याच पुरात गेली, तिथे आमचं काय घेऊन बसलात. तेव्हापासून पुस्तक विकत घेताना हात आखडायचा. त्यात डोंबिवलीतलं घर ५२० फुटांचं.

आता हिशेब. यंत्र १०,९९९ ला. अकरा महिन्यांत ४१ पुस्तकं वाचली, त्यांतली मराठी विकतची १७. मराठी ई-पुस्तक छापीलपेक्षा स्वस्त असतं, पण बेताचंच. माझे सरासरी ७० रुपये वाचले. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, ई-पुस्तकावर आहे, हेही ध्यानात ठेवा. १७ गुणिले ७० म्हणजे ११९०. यंत्राची किंमत वसूल व्हायला १५७ पुस्तकं, या वेगाने साडेआठ वर्षं. आमचे हे म्हणाले, वाचनालय बंद कर, महिन्याचे १२० वाचतील, तेही धर. मी वाचनालय बंद केलं नाही. माझ्या यादीतल्या ३० पुस्तकांपैकी ई-पुस्तक म्हणून मिळाली ११, उरलेली वाचायची कुठे? आणि वाचून झालेलं ई-पुस्तक वहिनीला देता येत नाही, रद्दीतही जात नाही.

तेव्हा पैसे वाचवायला घेत असाल तर घेऊ नका.

आता माझं खरं दुखणं. ऱ्य.

पहिल्याच आठवड्यात एक कादंबरी घेतली. तिसऱ्या प्रकरणात लग्न. वाक्य असं: "मंगल कार्यालयात आचार्यांनी जिलब्या तळायला घेतल्या." मला वाटलं, कुणी विनोबांसारखी विभूती कढईपाशी बसली की काय! मग उजेड पडला: आचाऱ्यांनी. पुढे तर रांगच. दुसर्या दिवशी, खोर्यात, वार्यावर. नायक सह्याद्रीत हिंडतोय आणि पुस्तक म्हणतं तो "दर्या" तुडवत होता. दऱ्या हो, दऱ्या! घाटावर समुद्र कुठून आणलात?

आपल्या भाषेत या र ला जागा आहे म्हणून ती आपली भाषा. ल पाकळीचा न दिसता हिंदी वळणाचा दिसला, श देठाचा नसला, तरी मी सोडून देईन. अर्थ बदलत नाही. इथे आचारी शंकराचार्यांच्या पंगतीला जाऊन बसतो. चार महिने मी कंपनीच्या चॅटवर याच्यावरून भांडले. त्यांनी यंत्र रीसेट करायला लावलं, भाषा बदलून बघायला लावली, एकाने तर "ये हिंदी फॉन्ट में सही दिखेगा" असा सल्ला दिला. मी ओळखीपाळखीत सगळ्यांना सांगत सुटले की मराठी वाचायचं असेल तर ई-रीडर घेऊ नका, त्याला र काढता येत नाही.

इथवर लिहून ठेवलं होतं. मध्ये दोन रविवार गेले, आणि आता वरचा परिच्छेद पुसावा की ठेवावा ते कळत नाहीये. ठेवते, पण पुढचंही वाचा.

भाची डीटीपीचं, म्हणजे संगणकावर पुस्तकाची पानं लावायचं काम करते. तिने माझी कैफियत ऐकली आणि दोन ओळींची एक फाइल पाठवली. वर "दर्या", खाली "दऱ्या". म्हणाली, तुझ्या त्या फुटक्या यंत्रावर उघड. उघडली. वरच्या शाबूत भागात दोन्ही ओळी, दोन्ही अगदी बिनचूक.

मी गप्प.

भानगड अशी की हा र टाइप करायच्या रीती दोन. एका रीतीत ऱ हे वेगळं अक्षरच वापरतात, ते कुठेही नेलं तरी टिकतं. दुसऱ्या रीतीत साधा र, हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह आणि मग य. प्रकाशकाकडे मजकूर एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेताना ते न दिसणारं चिन्ह फालतू समजून गाळलं जातं, आणि र उडी मारून य च्या डोक्यावर जाऊन बसतो. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांतल्या फायली युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत, आणताना असले घोळ आणखी होतात, असं ती म्हणते. थोडक्यात, यंत्राला जे दिलं तेच ते दाखवत होतं. फाइल तयार झाल्यावर कुणी डोळ्यांखालून घातली नव्हती, एवढंच. छापील प्रतीचं मुद्रितशोधन होतं, ई-प्रतीचं होत नाही, आणि पैसे मात्र जवळजवळ छापीलच्या बरोबरीने. चॅटवरच्या त्या मुलांची मनातल्या मनात माफी मागितली. पडद्याचं भांडण वेगळं, ते चालूच.

मग ज्या ज्या फायलीवर कुलूप नव्हतं ती भाचीकडून दुरुस्त करून घेतली. विकतच्या फायलींवर कुलूप असतं, तिथे काही चालत नाही.

बाकीचं भरभर सांगते. पीडीएफच्या नादाला लागू नका. साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट आहेत, खजिना आहे, पण सहा इंची पडद्यावर ती पानं म्हणजे औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी. दिवाळी अंकाचं तर नावच नको: दोन रकाने, मध्ये व्यंगचित्र, खाली सोन्याच्या दुकानाची जाहिरात. अंक हातातच घ्यावा. मराठी ई-पुस्तकं विकणारे काहीजण पुस्तक फक्त त्यांच्याच ॲपमध्ये उघडू देतात, म्हणजे पुन्हा मोबाइल. घेण्याआधी विचारा. शब्दावर बोट दाबून अर्थ बघायची सोय मराठीला जवळपास निरुपयोगी आहे; "घरासमोरच्यांना" हा शब्द कुठल्या कोशात सापडणार?

लोकलमध्ये मात्र याला तोड नाही. एक हात कडीला, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने पान उलटायचं. साडेपाचशे पानांची कादंबरी मी डोंबिवली ते सीएसएमटी बहुतेक उभ्याने संपवली. चौथी सीट मिळाली तर अर्धी मांडी बाहेर, तिथेही चालतं.

सासूबाईंचं मला अपेक्षित नव्हतं. मोतीबिंदूनंतर बारीक टाइप त्यांना जमत नाही. दासबोध घालून अक्षर सगळ्यात मोठं करून दिलं. आधी म्हणाल्या, "याला हळदकुंकू कुठे वाहू?" मग रोज एक समास सुरू झाला. तक्रार एकच, अक्षर मोठं केलं की ओवीचा चरण नको तिथे तुटतो आणि म्हणताना दम चुकतो. शिवाय खाली पानाचा आकडा नाही, टक्के. परवा शेजारच्या काकूंना सांगत होत्या, "माझा दासबोध त्रेसष्ट टक्के झालाय." पडदा फुटला त्या रात्री माझ्याआधी त्यांनीच विचारलं, आता उद्याचं काय?

तर उद्याचं असं की ऑफिसमधल्या एकीकडून तेच मॉडेल, कव्हरसकट, साडेतीन हजाराला घेतलं. तिने दोन वर्षांत तीन पुस्तकं वाचली होती. असे ई-रीडर घरोघर पडून असतील, आधी ओळखीत विचारा. या किमतीत हिशेब ५० पुस्तकांत बसतो. सहा इंची चालेल, पडद्याला आतला उजेड हवाच, कव्हर त्याच दिवशी घ्या. जी पुस्तकं पुन्हा वाचाल, कुणाला द्याल, ती छापीलच घ्या आणि पुराच्या गावात असाल तर वरच्या फळीवर ठेवा.

राहिली ती कादंबरी. त्या प्रकाशकांना मी चुकांच्या यादीसकट सविस्तर ईमेल केली होती. "नोंद घेतली आहे" असं उत्तर आलं, तेव्हा आशा सोडली. पण परवा पुस्तकाची सुधारित प्रत आपोआप उतरली. घाईघाईने तिसरं प्रकरण काढलं. त्यांनी दिसेल तो र सरसकट बदलला होता. सकाळी सूऱ्य उगवला होता, आणि मंगल काऱ्यालयात आचाऱ्यांनी जिलब्या तळायला घेतल्या होत्या.