‘पुणे’ शोधलं की ‘पण’ येतं : कोहाच्या ओपॅकचा काही महिन्यांचा अनुभव

कोहा म्हणजे वाचनालयाचं कामकाज चालवणारं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आणि ओपॅक म्हणजे वाचकांना पुस्तकं शोधायला दिलेलं त्याचं पान. त्याहून खोलात शिरत नाही. आमचं वाचनालय कोल्हापुरातलं, पेठेतलं, ब वर्गाचं. पुस्तकं बहुतांशी मराठी. सभासदांत एकीकडे निवृत्त मंडळी, दुसरीकडे स्पर्धा परीक्षेची मुलं. पैशाचं म्हणाल तर अनुदानाचा हप्ता येईपर्यंत वाट बघायची. मी तिथली ग्रंथपाल. नवी आवृत्ती बसवताना आमचं ओपॅक कोलमडलं, सेवा देणाऱ्या कंपनीशी कडाक्याचं भांडण झालं आणि शेवटी आम्ही ते स्वतःच मराठीला जुळवून घेतलं. तेव्हापासून रोज वापरतो आहोत, म्हणून आता लिहिते.

भांडणाचं कारण आधी. कंपनीने सुरुवातीला आमच्याकडून वेगळे पैसे घेऊन पहिलं पान बदलून दिलं होतं: मधोमध मोठी शोधपेटी, मराठी बटणं, खाली नवीन पुस्तकं. दिसायला छान होतं. आवृत्ती बदलली आणि एका रात्रीत सगळं गेलं. पान पुन्हा इंग्रजी, शोधपेटी वर कोपऱ्यात बारीक. फोन केला तर उत्तर आलं, “मॅडम, अपग्रेडमध्ये कस्टमायझेशन धरलेलं नसतं.” वर त्याच कामाचं नवं कोटेशन, आधीपेक्षा जास्त रकमेचं. कार्यकारिणीसमोर हे ठेवायचं कोणत्या तोंडाने?

मग खोदून बघितलं. कंपनीने बदल कोहाच्या मूळ साच्याच्या फायलींत घुसून केले होते. नवी आवृत्ती आली की त्या फायली नव्याने लिहिल्या जातात, बदल पुसले जातात. वास्तविक कोहात यासाठी हक्काची जागा आहे. सिस्टिम प्रेफरन्सेस या सेटिंगच्या भागात ‘ओपॅकयूझरसीएसएस’ आणि ‘ओपॅकयूझरजेएस’ अशा दोन पेट्या आहेत. रंग, आकार, काय दाखवायचं, काय लपवायचं, बटणावर कोणता शब्द, हे त्यांत लिहिलं की ते डेटाबेसमध्ये राहतं आणि आवृत्ती बदलली तरी टिकतं. ही माहिती कोहाच्या संदर्भपुस्तिकेत उघड्यावर आहे. पैसे घेऊन काम करणाऱ्याला ती ठाऊक नसणं मला पटत नाही, आणि ठाऊक असूनही साच्यात हात घातला असेल तर ते त्याहून वाईट.

कोहा १९९९ साली न्यूझीलंडमधल्या हॉरोव्हेनुआच्या सार्वजनिक ग्रंथालयांसाठी लिहायला घेतलं गेलं आणि २००० च्या जानेवारीत तिथे चालू झालं. मोठ्या विद्यापीठासाठी नव्हे, गावातल्या वाचकांसाठी. म्हणून आमच्यासारख्या वाचनालयाला ‘तुमच्या बजेटमध्ये एवढंच बसतं’ असं कोणी ऐकवलं की मला राग येतो.

दिसण्याचं काम लवकर उरकलं. आमच्या एका सभासदाचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे, त्याने दोन्ही पेट्यांत लिहून दिलं. शोधपेटी मोठी झाली. ‘कार्ट’, ‘टॅग क्लाउड’ वगैरे कोणीच वापरत नव्हतं, ते लपवलं. ‘प्लेस होल्ड’च्या जागी ‘पुस्तक राखून ठेवा’ आलं. डावीकडे लेखक-विषयांची जी गाळणी दिसते ती मुळात पहिल्या २० नोंदींवरूनच बनत होती, तो आकडा एका सेटिंगमध्ये वाढवला. मोबाइलवर पान आता नीट दिसतं. या भागाला पूर्ण गुण.

खरं दुखणं शोधात निघालं.

आवृत्ती बदलल्यानंतर एक निवृत्त शिक्षक काउंटरवर आले. मोबाइल माझ्यासमोर धरून म्हणाले, “मॅडम, मी पुणे टाकलंय. ह्यात पणती, पणजी, पणन काय काय येतंय बघा की.” मला वाटलं बोट चुकलं असेल. मी स्वतः काउंटरच्या संगणकावर ‘पुणे’ टाइप केलं. पहिल्याच पानावर शीर्षकात ‘पण’ असलेली पुस्तकं, मधे एखादं पुण्याचं. ‘शाहू’ टाकलं तर ‘शाह’ आडनावाचे लेखक. कोल्हापुरात, शाहू महाराजांच्या गावात, वाचनालयाच्या यंत्राला शाहू आणि शाह यांतला फरक कळत नाही, हे मला सहन झालं नाही. त्या दिवसापासून बाकी सगळं बाजूला ठेवून मी याच्याच मागे लागले.

कारण सापडलं ते असं. कोहा शोधासाठी झेब्रा नावाचं इंजिन वापरतं, ते नोंदींतल्या शब्दांची सूची म्हणजे इंडेक्स बनवतं. मराठीसाठी त्यात आयसीयू, म्हणजे निरनिराळ्या लिप्यांतले शब्द हाताळणारा भाग, चालू करावं लागतं, ते आमच्याकडे होतं. पण आयसीयूच्या नियमांच्या फाईलमध्ये एक ओळ होती: जागा न घेणारी चिन्हं काढून टाका. रोमन लिपीत अक्षराच्या डोक्यावरची चिन्हं गेली तरी शब्द ओळखू येतो, त्यासाठी ती ओळ. देवनागरीत तीच ओळ घात करते. युनिकोडमध्ये काना, दोन्ही वेलांट्या, ओकार आणि विसर्ग हे ‘जागा घेणारे’ आहेत, ते वाचतात. उकार, एकाराची मात्रा, अनुस्वार, हलंत, ऋकार हे ‘जागा न घेणारे’, ते सगळे झडतात. ‘पुणे’चा उकार आणि मात्रा गेली की उरतं ‘पण’. देव, दैव आणि दव एकच होतात. त्यात शब्दाच्या शेवटी आपोआप तारा (*), म्हणजे ‘पुढे काहीही चालेल’ अशी खूण, लावणारं सेटिंग चालू होतं, त्यामुळे पणतीही आली.

कंपनीला कळवलं. त्यांनी झेब्राऐवजी इलॅस्टिकसर्च हे दुसरं शोध-इंजिन घ्या म्हणून सांगितलं. त्याला मेमरी जास्त लागते, म्हणजे दरवर्षी सर्व्हरचं भाडं वाढणार. एका ओळीच्या दुखण्यावर हा खर्च मी करणार नव्हते. आम्ही ती ओळ काढली, सुट्टीच्या दिवशी इंडेक्स पहिल्यापासून पुन्हा बनवला आणि ‘पुणे’ टाकलं. पुणेच आलं.

इथपर्यंत माझं मत स्पष्ट होतं: ती ओळ म्हणजे शुद्ध मूर्खपणा. पुढच्या काही आठवड्यांत ते बदललं.

तक्रारी उलट्या दिशेने यायला लागल्या. ‘कोल्हापूर’ टाकलं की ‘कोल्हापुरातील’, ‘कोल्हापुरी’ असलेली पुस्तकं येईनात. बरोबरच आहे. आपल्याकडे प्रत्यय लागला की दीर्घ ऊकार ह्रस्व होतो. ‘कोल्हापूर’च्या शेवटी तारा लावला तरी ‘कोल्हापुरातील’ त्यात बसत नाही, कारण ‘पू’ आणि ‘पु’ ही यंत्राला वेगळी अक्षरं. ‘शेतकऱ्यांचा’ हा शब्दही अडला. हा अर्धा र कोणी एका पद्धतीने टाइप करतं, कोणी साध्या र नंतर अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, आत दोन वेगळे शब्द. आणि जुनी पुस्तकं! मराठी लेखनाचे नियम १९६२ साली ठरले, त्याआधीच्या मुखपृष्ठांवर ‘गांव’, ‘नांव’, ‘कांहीं’ असेच छापलेले. आमच्याकडे तो साठा मोठा आहे. आजचा वाचक ‘गाव’ टाइप करतो आणि त्याला काही सापडत नाही. जी ओळ मी शिव्या देऊन काढली, ती यातलं बरंच नकळत सांभाळत होती, फक्त फार आडदांडपणे.

मग आम्ही स्वतःचे नियम लिहिले, मोजकेच. दीर्घ ऊकार ह्रस्व धरायचा. दीर्घ वेलांटी ह्रस्व धरायची. अर्ध्या र ची दोन्ही रूपं एकच. अदृश्य जोडचिन्हं काढायची. मराठी आकडे आणि इंग्रजी आकडे सारखे, म्हणजे ‘१८५७’ कोणत्याही आकड्यांत टाकलं तरी चालेल. आद्याक्षरांनंतरच्या टिंबाच्या जागी मोकळी जागा, कारण आद्याक्षरं आणि आडनाव जागा न सोडता चिकटवलं की यंत्र ते सगळं एकच शब्द धरत होतं. हे नियम इंडेक्सलाही लागतात आणि वाचकाने टाइप केलेल्या शब्दालाही, त्यामुळे दोन्हीकडे सारखाच बदल होतो. नोंदीतलं पुस्तकाचं नाव जसंच्या तसं राहतं, शुद्धलेखनाला धक्का लागत नाही. दिन आणि दीन, सुत आणि सूत आता एकत्र येतात, हे खरं. त्याबद्दल आजवर एकाही वाचकाने तक्रार केलेली नाही.

अनुस्वाराला मात्र हात लावला नाही. तोही काढला असता तर ‘गांव’ आपोआप सुटला असता, पण ‘राग’ शोधणाऱ्याला ‘रांगोळी’ मिळाली असती. अल्लादिया खाँसाहेब जिथे दरबारगायक होते त्या गावात संगीताची पुस्तकं मागणारे अजून आहेत, त्यांना रांगोळीची पुस्तकं दाखवायची माझी तयारी नाही. जुन्या शीर्षकांसाठी आम्ही ग्रंथालयशास्त्रातला सरळ मार्ग धरला: मार्क या ग्रंथनोंदीच्या ठरलेल्या साच्यात २४५ क्रमांकाच्या रकान्यात शीर्षकपानावर आहे तसंच नाव, आणि २४६ मध्ये आजच्या लेखनातलं रूप. हे हाताने करावं लागतं. कपाटातून एकेक पुस्तक काढून चालू आहे, संपायला वेळ लागेल. पण केलं ते कायमचं झालं, उद्या कोहा सोडून दुसरं काही घेतलं तरी ही नोंद सोबत जाईल.

सगळ्यांत जास्त उपयोग कशाचा झाला म्हणाल, तर शोधपेटीत फिकट अक्षरांत लिहिलेल्या एका वाक्याचा: ‘पूर्ण शब्द नको, पहिली तीन-चार अक्षरं लिहा.’ वर लिहिलेल्या नियमांनी ‘शेतकरी’वरून ‘शेतकऱ्यांचा’ अजूनही सापडत नाही, कारण तिथे शब्दाचा शेवटच बदलतो. ‘घोडा’वरून ‘घोड्यावर’ही नाही. पण ‘शेतक’ लिहिलं की दोन्ही येतात. हे एक वाक्य घालायला एक रुपया लागला नाही आणि काउंटरवर “पुस्तक हाय का न्हाई, ह्यात दिसंना” म्हणत येणारे निम्म्याहून कमी झाले. मी मोजलं नाही, पण दुपारची माझी रांग लहान झाली हे मला रोज दिसतं.

दुसरी गोष्ट जरूर करा. सभासदाने लॉगिन करून केलेले शोध कोहा साठवतं आणि प्रत्येक शोधाला किती पुस्तकं सापडली तेही. त्यातून ‘शून्य सापडले’ एवढेच शब्द काढणारा अहवाल आम्ही बनवला. कोणी काय शोधलं हे बघायचं नाही, सभासद क्रमांक त्यात घेतलेलाच नाही. आद्याक्षरांतल्या टिंबाचं दुखणं त्या यादीतूनच कळलं. काही शोध असे निघाले की ते पुस्तक आमच्याकडे खरोखरच नव्हतं. ती नावं आता खरेदीच्या यादीत जातात.

त्याच यादीने सर्वांत मोठी उणीवही दाखवली. मुलं रोमन अक्षरांत मराठी टाइप करतात. त्यावर माझ्याकडे आज स्वस्त उपाय नाही. प्रत्येक नोंदीत रोमन शीर्षक भरायचं तर माणूस लागेल, आणि आहेत त्या दोन हातांनी आधी २४६ पूर्ण करायचंय. तूर्त शोधपेटीशेजारी मराठी कळफलक चालू कसा करायचा याचं चित्र लावलं आहे. थोडा फरक पडतो, पुरेसा नाही.

तर कोहाला माझ्याकडून साडेचार तारे. अर्धा तारा त्या एका ओळीसाठी कापते, तिने आमचे फार दिवस खाल्ले. सेवा देणाऱ्या कंपनीला एकही नाही. त्यांचा वार्षिक करार आम्ही पुढे चालवला नाही. त्या पैशांतून सर्व्हरचं भाडं आणि त्या मुलाचं मानधन भागतं आहे.

कोणी वाचनालयासाठी असा करार करणार असेल तर सही करण्याआधी विक्रेत्याला तुमच्याच पुस्तकांच्या नोंदी भरून दाखवायला सांगा आणि त्याच्यासमोर बसून ‘पुणे’, ‘गाव’, ‘शेतक’ आणि तुमच्या स्वतःच्या गावाचं नाव टाइप करा. करारात दोन ओळी लिहून घ्या: एकही बदल मूळ साच्याच्या फायलींत होणार नाही, आणि आयसीयूच्या नियमांच्या फाईलची प्रत वाचनालयाकडे राहील. आम्ही ती प्रत कार्यालयातल्या पेन ड्राइव्हवर ठेवली आहे आणि एक छापून नोंदवहीत चिकटवली आहे. कोणाला हवी असेल तर काउंटरवर येऊन घेऊन जा, पैसे लागणार नाहीत.