गणेबैल ते उद्यमबाग: मासिक पासाचे नऊ महिने

गेल्या मंगळवारी प्रभुनगरच्या अलीकडे आमची बस बंद पडली आणि भर पावसात तासभर महामार्गाच्या कडेला उभे राहावे लागले, तेव्हाच ठरवले की या पासाविषयी आता लिहायचेच. पास कुठे काढतात, त्याला काय काय कागद लागतात, हे आपल्या भागात सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे ते सांगत बसत नाही. मी खानापूर तालुक्यातील गणेबैलहून बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात हिशेबाच्या कामाला जातो आणि नोव्हेंबरपासून आजपर्यंत सलग पासावरच प्रवास केला आहे.

पास काढण्यामागे निव्वळ काटकसर होती. जाऊन-येऊन 30 किलोमीटर, मोटारसायकल लिटरला 45 देणारी आणि पेट्रोल शंभरीच्या वर, म्हणजे महिन्याचे 26 दिवस धरले तर साधारण 1,750 रुपये नुसते धुरात जात होते. पास त्याहून बराच स्वस्त पडतो. शिवाय 5 जानेवारी 2025 पासून कर्नाटकात बसभाडे 15 टक्क्यांनी वाढल्यावर सुट्ट्या पैशांची जी कटकट सुरू झाली होती, तीही सुटली. कंडक्टर उरलेले तीन रुपये तिकिटाच्या मागे पेनने लिहून द्यायचा आणि उतरताना घ्या म्हणायचा. पण उद्यमबाग येईपर्यंत तो दुसऱ्या टोकाला गेलेला असायचा आणि एवढ्या माणसांना ढकलत तिकडे जाण्यापेक्षा तीन रुपये सोडलेले परवडायचे. पासामुळे हा प्रश्न मिटला, एवढे श्रेय मी त्याला मोकळ्या मनाने देतो.

गर्दीची तक्रार मी पहिल्या महिन्यातच सोडून दिली. गाडी खानापुराकडूनच भरून येते, त्यामुळे गणेबैलला बसायला मिळण्याची आशा धरणे व्यर्थ आहे. कंडक्टर कन्नडमधून "मुंद होग्री, मुंद होग्री" (पुढे चला) म्हणत राहतो, पुढे जायला जागा नसते आणि तरीही आपण पुढे जातो. झाडशहापूर, मच्छे, पिरनवाडी असे एकेक गाव मागे पडताना उतरणारा एक आणि चढणारे सहा, हे प्रमाण ठरलेले आहे.

आता खिडकीविषयी, कारण माझ्या मते या सेवेचा खरा दोष तोच आहे आणि तो कोणी हसण्यावारी नेऊ नये. काच ज्या खाचेतून सरकते, त्या खाचेतील रबर झिजून गेलेले आहे. ड्रायव्हरने ब्रेक दाबला की काच पुढे जाते आणि गाडीने वेग घेतला की मागे येते. खानापूर तालुक्याचा पाऊस काही सरळ खाली पडणारा नव्हे. तो आडवा आत येतो, खाचेत साचतो आणि वळणावर ओंजळभर पाणी थेट मांडीवर पडते. परिणामी पावसाळ्यात चाळीस माणसे उभी असताना खिडकीकडची आसने रिकामी आणि ओली राहतात. यावर मी कारखान्यातून बेअरिंगच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा आणून, त्याची चौपदरी घडी करून काचेच्या फटीत ठोकून बसवू लागलो. चार दिवसांत त्याचा लगदा होतो, पण ते चार दिवस माणूस कोरडा राहतो. ड्रायव्हरला सांगितले तर तो डेपोत सांगा म्हणाला, आणि डेपोत विचारले तर ड्रायव्हरने नोंद करायला हवी होती असे उत्तर मिळाले.

पहिले चार महिने माझे असे ठाम मत होते की या सगळ्याला 11 जून 2023 पासून सुरू झालेली कर्नाटक सरकारची शक्ती योजना कारणीभूत आहे. महिलांना साध्या बसमध्ये मोफत प्रवास मिळाला आणि आम्ही पैसे भरून लोंबकळत राहिलो. पलीकडे महाराष्ट्रात एसटीने त्याच वर्षी 17 मार्चपासून महिलांना अर्धे तिकीट केले, तेवढे पुरे होते, असेही मी चारचौघांत बोललो आहे. मार्चमध्ये मात्र इदलहोंडला चढणाऱ्या भाजीवाल्या मावशींनी मला गप्प केले. त्या म्हणाल्या, "दादा, आदी आठवड्यातनं एकदा बेळगावला जायचो, आता रोज जातो बघा. माणसं वाढली, बस कुठं वाढली?" त्यानंतर मी मुद्दाम लक्ष ठेवले, तर सकाळी आठ ते नऊच्या दरम्यान माझ्या थांब्यावर थांबणाऱ्या गाड्या पूर्वी जेवढ्या होत्या तेवढ्याच आजही आहेत. त्यामुळे ते मत मी मागे घेतले आहे.

गर्दी सोसता येते, पण बसचे न येणे सोसता येत नाही. 8:10 ची गाडी 8:10 ला येते, 8:40 ला येते किंवा येतच नाही, आणि न येणार असेल तर ते कोणी सांगत नाही. रस्ता चौपदरी झाल्यापासून खड्ड्यांचे कारणही उरलेले नाही. आमच्या कारखान्यात तीन लेट मार्क झाले की अर्ध्या दिवसाचा पगार कापतात. जुलैत माझे सात झाले, म्हणजे पूर्ण एक दिवस गेला आणि पासावर वाचवलेले सगळे त्यात वाहून गेले. पगारपत्रक मीच तयार करतो, त्यामुळे स्वतःच्या नावापुढची ही कपात मला स्वतःच्या हाताने लिहावी लागली.

मंगळवारची गोष्ट अर्धवट राहिली. तासाभराने मागची बस आली, तीही भरलेलीच होती. तरी तिच्या कंडक्टरने एकालाही खाली ठेवले नाही, लेकरे असलेल्या बायकांना आधी चढवले आणि म्हाताऱ्यांच्या पिशव्या स्वतः उचलून आत घेतल्या. मला खिडकीची रिकामी, ओली जागा मिळाली. पुठ्ठा पिशवीत होताच, तो बसवला आणि उद्यमबागेपर्यंत काच जागची हलली नाही. त्या दिवसाचा लेट मार्क मात्र लागलाच.

मोटारसायकल पुन्हा काढावी असे घरच्यांचे म्हणणे आहे, पण या पावसात मालट्रकांच्या फवाऱ्यातून रोज जाण्याची माझी तयारी नाही. पुढच्या महिन्याचा पास काल काढला आणि नवा पुठ्ठा या वेळी दुहेरी जाडीचा घेतला आहे.