प्रोस्टेटचा कॅन्सर : ऑपरेशन की रेडिएशन?

आजार ग्रंथीच्या बाहेर गेलेला नाही, बोन स्कॅन स्वच्छ आहे आणि डॉक्टर म्हणतात, "ऑपरेशन करा किंवा रेडिएशन घ्या, दोन्ही चालेल." या उत्तरावर जे अडले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी ऑपरेशन करून ग्रंथी काढून घेतली. विट्याच्या माझ्या साडूंनी रेडिएशन घेतलं. दोघंही आज कामाला लागलो आहोत.

आधी धीर धरा. ब्रिटनमधल्या 'प्रोटेक्ट' अभ्यासात १,६४३ पुरुष होते. काहींवर नुसतं लक्ष ठेवलं, काहींचं ऑपरेशन झालं, काहींना रेडिएशन दिलं. २०२३ साली १५ वर्षांचे निष्कर्ष आले, तेव्हा या कॅन्सरने गेलेले सुमारे ३ टक्केच होते आणि तिन्ही गटांत फारसा फरक नव्हता. हे मी बायकोला वाचून दाखवलं, तेव्हा कुठे आमच्या घरात या विषयावर रडण्याऐवजी बोलणं सुरू झालं. ग्लीसन (बायोप्सीत कॅन्सर किती आक्रमक दिसतो, त्याचा आकडा) ६ असेल तर नुसतं लक्ष ठेवण्याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. माझा ७ होता, म्हणून मला थांबू नका असं सांगितलं.

साडूंना रेडिएशन मानवलं. कापाकापी नाही, लघवीची नळी नाही, मिरजेला जायचं आणि संध्याकाळी घरी यायचं. हल्ली बऱ्याच ठिकाणी चार आठवड्यांत वीस वेळा देतात. सोबत काही महिने हार्मोनची इंजेक्शनं होती, त्यांनी मात्र अंगातून वाफा निघायच्या आणि थकवा यायचा.

मी अडलो ते लघवीपाशी. रेडिएशनच्या वेळी मूत्राशय भरलेलं आणि गुदाशय रिकामं लागतं, म्हणजे आतडं आणि मूत्राशयाचा बराच भाग किरणांपासून दूर राहतो. रेडिएशन कुठे द्यायचं ते आखण्याच्या सीटी स्कॅनला मला पाणी पाजून बसवलं. माझी ग्रंथी आधीच मोठी, धार बारीक, रात्री चार-चारदा उठणं. एकदा लागली की थांबत नाही. नंबर यायच्या आत मला उठावंच लागलं, पुन्हा पाणी, पुन्हा वाट बघणं. हे रोज करायचं, त्यात मशीन मागे पडलं तर आणखी बसायचं, आणि आधी तासगावहून एसटीचा प्रवास! रेडिएशनने सुरुवातीला लघवीचा त्रास वाढूही शकतो, हे तिथल्याच डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं. तिथेच माझा कल ठरला.

ऑपरेशन सोपं आहे असं मी म्हणणार नाही. साधारण आठवडा-दहा दिवस नळी असते. ती निघाल्यावर लघवी गळते. कुणाची काही आठवड्यांत थांबते, कुणाची वर्षभर चालते. मला पॅड घालून लग्नाला जावं लागलं, ते जड गेलं. अजून जोरात खोकला आला की थेंबभर जाते. पण धार मोकळी झाली आणि रात्रीची झोप परत आली. पतिपत्नी संबंधांवर दोन्हींचा परिणाम होतो: ऑपरेशननंतर लगेच, रेडिएशननंतर हळूहळू. आपल्याकडे हे कुणी विचारत नाही. बायकोला सोबत नेऊन विचारा.

आणखी एक गोष्ट मला मोलाची वाटते. ऑपरेशननंतर पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात येणारं प्रथिन, ते रक्त तपासून मोजतात) जवळजवळ शून्यावर यायला हवा, म्हणजे रिपोर्ट लगेच समजतो. साडूंचा हळूहळू उतरतोय, मध्येच थोडा वर जातो आणि घर काळजीत पडतं. शिवाय ऑपरेशननंतर गरज पडली तर रेडिएशन देता येतं. उलट, रेडिएशननंतर ऑपरेशन करणं फार अवघड होतं.

हृदयाचा त्रास असेल, वय जास्त असेल किंवा लघवीची तक्रारच नसेल, तर साडूंचा रस्ता कदाचित बरा. सर्जन आणि रेडिएशनचे डॉक्टर, दोघांना भेटल्याशिवाय ठरवू नका. प्रत्येकाला आपला उपचार जवळचा वाटतो. "आमच्या काकांचंही प्रोस्टेटचं ऑपरेशन झालंय, दोन दिवसांत घरी आले," असं गावात कुणी म्हणालं तर ते बहुधा कॅन्सर नसलेल्या, ग्रंथीच्या साध्या वाढीचं असतं, त्यावरून अंदाज बांधू नका. महात्मा फुले योजनेत काय बसतं ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा. आणि ऑपरेशनकडे कल असेल, तर लघवी रोखताना जे स्नायू आवळतो त्यांचा व्यायाम नीट शिकून तारखेच्या आधीच सुरू करा. मला फिजिओथेरपिस्टनी तो आधीच शिकवला होता, आणि पॅड सुटायला त्याचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला असं मला वाटतं.