संशोधन खरं, डबा खोटा: 'मेंदूसाठी बेरी' विकणाऱ्यांचा हिशेब

फसलेल्या माणसाचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा हेच असतं: "अहो, पण त्यांनी खरं संशोधन दाखवलं होतं!" दाखवलेलंही असतं. मेख तिथेच आहे.

'मेंदूसाठी बेरी' म्हणून कॅप्सूल आणि पावडरीचे डबे विकणाऱ्यांच्या पत्रकावर अमेरिकेतल्या परिचारिकांचा अभ्यास असतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सत्तरीच्या पुढच्या सोळा हजार स्त्रिया होत्या. ज्या ब्लूबेरी आणि स्ट्रॉबेरी जास्त खात, त्यांची बौद्धिक घसरण अडीच वर्षांपर्यंत लांबल्याचं दिसलं. पण ते निरीक्षण होतं. अशी फळं खाणारी माणसं इतर बाबतींतही तब्येत सांभाळणारी असू शकतात, म्हणून सगळं श्रेय फळाच्या पदरात टाकता येत नाही. शिवाय त्या बायका फळं खात होत्या, कॅप्सूल नाही. बेरी आणि पालेभाज्यांवर भर देणाऱ्या 'माइंड' आहाराची ६०४ जणांवर तीन वर्षं चाचणी झाली. २०२३ मध्ये आलेल्या निकालात तुलनेच्या गटापेक्षा लक्षणीय फरक आढळला नाही. हे पत्रकावर छापलेलं पाहायला मिळत नाही.

आता डबा उघडू. ब्लूबेरीच्या एका चाचणीत ज्येष्ठांना रोज २४ ग्रॅम फ्रीझ-ड्राय (गोठवून सुकवलेली) पावडर दिली होती, म्हणजे साधारण एक कप ताजी फळं. कॅप्सूल ५०० मिलिग्रॅमची. ती शुद्ध पावडरीने गच्च भरलेली आहे असं मानलं, तरी ताज्या फळात ८४ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, म्हणजे एका कॅप्सूलमध्ये जेमतेम ३ ग्रॅम फळ. दोन दाणे. 'सकाळ-संध्याकाळ एक' म्हणजे दिवसाला चार दाणे. चाचणीइतकी मात्रा हवी तर रोज ४८ कॅप्सूल गिळाव्या लागतील आणि ६० चा डबा सव्वा दिवसात संपेल.

हे विचारलं की उत्तर तयार असतं: "आमचा अर्क आहे." ठीक. ब्लूबेरीचं युरोपातलं रानटी भावंड म्हणजे बिलबेरी. तिचा चांगला अर्क ३६ टक्के अँथोसायनिनचा मानतात. अँथोसायनिन म्हणजे फळाचं जांभळं रंगद्रव्य. १०० ग्रॅम ताज्या बिलबेरीत ते अर्धा ग्रॅम धरलं, तर किलोभर अर्काला ७२ किलो फळ लागतं, वाया जाणारं वेगळंच. मग तो अर्क स्वस्तात कुठून येतो? अमरंथ हा कृत्रिम लाल रंग (राजगिऱ्याशी त्याचं काही नातं नाही) मिसळल्याचं प्रयोगशाळांत उघड झालेलं आहे. काळ्या तांदळासारख्या स्वस्त जांभळ्या मालाचा अर्कही घालतात. नुसती रंगाची तीव्रता मोजणारी तपासणी या दोन्हींना फसते. एचपीएलसी या, घटक वेगळे करून मोजणाऱ्या प्रयोगशाळेतल्या तपासणीत मात्र प्रत्येक रंगद्रव्याची रेघ वेगळी दिसते, म्हणून विक्रेत्याकडे त्या बॅचचा एचपीएलसी अहवालच मागावा.

घरी एवढं करता येतं. पाव चमचा पावडर अर्ध्या कप कोमट पाण्यात ढवळून गाळा आणि दोन वाट्यांत ओता. एकीत लिंबू पिळा, दुसरीत चिमूटभर खायचा सोडा टाका. अँथोसायनिन लिंबाने लालसर होतं, सोड्याने निळसर-हिरवट. दोन्ही वाट्यांचा रंग ढिम्म राहिला तर समजा की तो रंग फळाचा नाही. पण जांभूळ, कोकम, काळा तांदूळही या परीक्षेत पास होतात. म्हणजे कृत्रिम रंगाची चोरी पकडता येते, फळाची अदलाबदल नाही.

आतड्याच्या नावाने चाललेली लूट जास्त हुशार आहे. अँथोसायनिन लहान आतड्यात फारसं शोषलं जात नाही. बरंचसं मोठ्या आतड्यात पोचतं आणि तिथले जिवाणू त्याचे छोटे फेनॉलिक आम्लांचे तुकडे करतात. फळातला चोथा आंबवून ते ब्युटिरेटसारखी आम्लं बनवतात. अर्कात हा चोथाच नसतो. तरी डब्याबरोबर शौचाच्या नमुन्याचं किट येतं, शंभरपैकी ४३ गुण येतात आणि 'तुमच्यासाठी खास बेरी' सुचवली जाते. निरोगी आतड्यात कोणते जिवाणू किती असावेत याचं वैद्यकात सर्वमान्य माप नाही. आहार बदलला की त्यांचं प्रमाण काही दिवसांतच हलतं. पुढच्या वेळी गुण वाढले तर श्रेय डब्याला, घटले तर म्हणे "कोर्स अपुरा".

डब्यावर 'ओरॅक' आकडा (परीक्षानळीत मोजलेली अँटिऑक्सिडंट ताकद) मिरवत असेल तर जागीच परत करा. या आकड्यांचा जाहिरातीत गैरवापर होतो आणि शरीरातल्या परिणामाशी त्यांचा मेळ बसत नाही, म्हणून अमेरिकेच्या कृषी खात्याने आपला तक्ता २०१२ मध्येच मागे घेतला.

सुक्या क्रॅनबेरीच्या पुड्यावर घटकांत 'साखर' शोधा. गोडवलेल्या मालात १०० ग्रॅममागे ७० ग्रॅमच्या आसपास साखर निघते, मधुमेह्यांनी तर हे आधी पाहावं. सुट्या 'ब्लूबेरी'चे दाणे पाण्यात भिजवा. खऱ्या दाण्याच्या टोकाला मुकुटासारखी खाच आणि आत बारीक बिया असतात. बेकरीतली लाल 'चेरी' अनेकदा पाकवलेलं, रंगवलेलं करवंदच असतं, तेव्हा ही कला आपल्याकडे जुनी आहे. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर क्रॅनबेरीचा अर्क डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

'एक रुपयात नमुना' घेताना दिलेला होकार ऑटोपेला असतो, म्हणजे पुढे खात्यातून आपोआप पैसे कापण्याला. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे किंवा मँडेट उघडून तो रद्द करा. पैसे कापण्याच्या २४ तास आधी सूचना येते, ती वाचा. डबा, बॅच क्रमांक, १४ अंकी अन्न परवाना (एफएसएसएआय) क्रमांक आणि पावती यांचे फोटो काढूनच १९१५ वर ग्राहक तक्रार करा. खात्यातून परस्पर पैसे गेले असतील तर लगेच १९३०. तक्रारीनंतर 'रिफंड विभागा'तून फोन आला आणि क्यूआर स्कॅन करून पिन टाकायला सांगितलं, तर फोन ठेवून द्या. पैसे घ्यायला पिन लागत नाही.